दिवाणाचा वाटा

१

सत्तावन्न सालच्या मे महिन्यात कमळाबाई नर्स एकवीस दिवसांच्या रजेवर गेल्या. नऊ वर्षांतली ही त्यांची पहिली रजा. नागपूरला भावाकडे लग्न होतं. मागे त्यांची जनावरं कोण सांभाळणार, असा विषय दवाखान्याच्या ओसरीवर निघाला आणि दुसऱ्या कोणी तोंड उघडायच्या आत मी "मी आहे ना" म्हणून मोकळा झालो.

त्याला कारण होतं. सावली या गावापासून चार कोसांवरच्या त्या खेड्यात मी शाळामास्तर होतो. आदल्या साली माझी बायको रंभा तीन दिवस अडली होती. रस्ते चिखलात बुडालेले, डॉक्टर यायची आशा नाही. कमळाबाईंनी ते तीन दिवस आमच्या घरातून पाय बाहेर काढला नाही. आज मला बायको आहे आणि मुलगी आहे, ती त्या बाईमुळे. असे उपकार फिटत नसतात हे मलाही कळतं. पण काहीतरी करायला मिळालं तर हातावर हात धरून कोण बसतो?

शाळेला सुटी होती, रंभा मुलीला घेऊन माहेरी गेली होती. बाईंनी दवाखान्यामागच्या क्वार्टरची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि जनावरं दाखवली. तीन कोंबड्या, ठकी नावाची मांजर, आणि दिवाण.

दिवाण म्हणजे कुत्रा. तपकिरी, अंगाने जाड, अकरा वर्षांचा म्हातारा. एक कान वानराने फाडलेला, मागचा एक पाय बैलगाडीखाली आलेला, त्यामुळे तीन पावलं टाकायचा आणि चौथं ओढायचा. कामधाम काही नाही. दिवसभर दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला तपासायचं, म्हणून नाव दिवाण.

"मास्तर," बाई गाडीत चढता चढता म्हणाल्या, "भाऊ हाये मले, पण तो त्याच्या बायकापोरांचा. माह्यं म्हनाले हा एकच. मी वापस येईन तवा हा दारात दिसला पाह्यजे. बस, दुसरं काई नोको."

"दिसन, बाई," मी म्हणालो.

२

पहिले आठ दिवस अगदी सुरळीत गेले. तेंदूपत्त्याचा हंगाम होता. पहाटेच सगळं गाव जंगलात पानं तोडायला जायचं आणि दुपारी बारा वाजता रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. मी भात आणि बारीक मासे घेऊन क्वार्टरवर जायचो. सोबत कधी आई असायची. आई, म्हणजे गोकुळा, त्या वेळी साठीची होती आणि माझ्यापेक्षा भराभर चालायची.

मासे आमच्या घरी कमी नसत. आम्ही ढिवर. तलाव आटत आला की सगळे मिळून जाळी टाकतात आणि पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पळसाच्या पानांवर वाटे पडतात. आमच्या ढिवरपुऱ्यात एक रीत होती. जो हजर नसेल त्याचाही वाटा पडायचा. कोणी आजारी असो, कोणी परगावी असो, त्याचं पान मांडलेलंच. वाटा मांडलेला असला की माणूस परत येतो, असं म्हातारे सांगत. मेल्याची खबर आली की त्या जागेवर तांब्याभर पाणी ओतायचं आणि वाटा बंद करायचा.

मी सातवी झालो, मास्तरकीचं शिक्षण घेतलं, चार बुकं वाचली. तरी या रीतीला मी कधी हसलो नाही. गैरहजर पोराचं नाव मीही हजेरीपटावर ठेवतोच की.

३

नवव्या दिवशी संध्याकाळी तलावावर जाळी पडणार होती. मी कोंबड्या झाकल्या, ठकीला दूध ठेवलं आणि घाईघाईने निघालो. मागच्या कवाडाची कडी लावायची राहिली.

सकाळी गेलो तर कवाड उघडं होतं. अंगणातून ओढल्याची खूण तलावाच्या पाळीकडे गेली होती. पाळीमागे बिबट्याचे पंजे मला ओळखू आले आणि दिवाणाचं जे काही उरलं होतं तेही ओळखू आलं. तपशील सांगत नाही. तो दिवाण होता याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती, एवढं पुरे.

मी फावडं आणून मोहाच्या झाडाखाली त्याला पुरलं आणि वर सात दगड ठेवले. माणसं जंगलात होती, कोणी पाहिलं नाही. परत येऊन मी ती कडी लावली, काढली, पुन्हा लावली. कुत्रं मेलं, एवढंच नव्हतं. ज्या बाईनं माझं घर वाचवलं, तिची एकुलती एक वस्तू मी एका कडीपायी घालवली होती.

४

दुपारी आई मासे घेऊन क्वार्टरवर आली.

"काऊन रे मनसा, दिवान कुठी गेला?"

"गेला असन कुठी. येईन."

"कवापासून नाई?"

"सकाळपासून."

आईने माझ्याकडे पाहिलं. "जित्ता हाये ना? का काई पाह्यलं तू?"

आता विचार करतो तेव्हा वाटतं, त्याच वेळी खरं बोललो असतो तर विषय तिथेच मिटला असता. पण मेला म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं आणि बाईंच्या कानावर माझ्याआधी दुसऱ्या कोणी घातलं असतं. माझी हिंमत झाली नाही.

"जित्ताच हाये," मी म्हणालो.

"मंग त्याचा वाटा ठेव. नाई ठेवला तं येनार कसा?" आईने स्वतः पळसाच्या पानाचा दोना लावला, भात घातला, वर चार मासे ठेवले आणि मागच्या खोलीत दिवाणाच्या गोणपाटाजवळ मांडला. निघताना सहज म्हणावं तसं म्हणाली, "मेल्याचा ठेवत नसतेत बापा. ठेवला तं कोनी ना कोनी येते घ्याले."

मी मान खाली घालून कुलूप लावलं.

५

दुसऱ्या दिवशी दोना रिकामा होता. त्यात नवल काहीच नव्हतं, ठकी होती, मुंगूस होतं. पण दोना जागचा हललेला नव्हता. पान पुसल्यासारखं कोरडं आणि स्वच्छ, मागे एक काटा नाही, एक शीत नाही, एवढंच काय मुंगीही नाही. ठकीचं दूध तसंच होतं. ती कौलांवर चढून बसली होती आणि हाका मारल्या तरी उतरेना. मग मी तिचं खाणं भिंतीवर ठेवू लागलो.

आई रोज विचारायची, "वाटा ठेवला काय?" म्हणून मी रोज ठेवत होतो. आणि तो रोज संपत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी बाहेरच्या खोलीत जुनं वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. मधलं दार लोटलेलं होतं. आतून आवाज आला. टक. टक. खर्रर्र. टक.

नखं फरशीवर वाजावीत तसा आवाज. मी स्वतःला समजावलं, कौल सरकलं असेल, उंदीर असेल. पुन्हा आलं. टक. खर्रर्र. टक, टक. मग थोडा वेळ शांतता. मग पुन्हा पहिल्यापासून.

मास्तरकीचा कान वाईट. भीती वाटायच्या आधी माझ्या लक्षात आलं की हे चुकतं आहे. तीन पावलं आणि मग ओढणं, असं पाहिजे. आत जे कोणी होतं ते चुकत होतं आणि पुन्हा करून पाहत होतं. पंधरा-वीस मिनिटांनी एकदा बरोबर जमलं. टक, टक, टक, खर्रर्र. त्यानंतर तेच, तेच आणि तेच, पाढा पाठ झालेल्या पोरासारखं.

मी दार न उघडता घरी आलो आणि दुपारभर अंगणात उन्हात बसलो. घरात बसवेना.

६

दुसऱ्या दिवशी मी दार उघडलं.

गोणपाटावर काहीतरी पडलेलं होतं, भिंतीकडे तोंड करून. तपकिरी पाठ, जाड मान, आखडलेला मागचा पाय. क्षणभर माझ्या जिवात जीव आला. वाटलं, मी पुरलं ते दुसरंच कुत्रं असेल, आपला दिवाण लपून बसला होता. मग मी कानाकडे पाहिलं. फाटका कान उजवा होता.

"दिवाणाचा डावा फाटलेला," मी पुटपुटलो. वर्गात चुकीचं उत्तर ऐकलं की तोंडातून बरोबर उत्तर निघतंच, तसं निघालं.

ते हललं नाही. मी वाटा ठेवला आणि मागच्या पावली बाहेर आलो.

पुढच्या दिवशी डावा कान फाटलेला होता आणि उजवा धड होता.

तिथून मी सरळ पाळीमागे गेलो. मोहाखाली सातही दगड जागच्या जागी होते. दोन दगडांच्या मध्ये माझ्याच चपलेचा ठसा वाळला होता. मी एक दगड उचलला, दुसरा उचलला. मग दोन्ही होते तसे ठेवले. खाली काय आहे ते मला माहीत होतं, आणि ते तिथेच असेल याचीच मला जास्त भीती वाटत होती.

७

बाई यायला सहा दिवस उरले होते. वाटा बंद कसा करायचा हे मला ठाऊक होतं. मी विहिरीवरून तांब्या भरला आणि क्वार्टरवर गेलो. गोणपाटाजवळ पाणी ओतायचं, एवढंच काम होतं. मी तांब्या वाकडा केला.

आणि मला गाडीत चढणाऱ्या कमळाबाई आठवल्या. हा दारात दिसला पाह्यजे, बस.

मी ते पाणी दिवाणाच्या भांड्यात ओतलं. मग उंबरठ्याशी बसलो, घसा साफ केला आणि सुरुवात केली.

"दिवाण पोस्टमनच्या सायकलवर भुंकतो," मी म्हणालो. "माणसावर नाही, सायकलवर. दोनदा भुंकतो आणि मग लाजल्यासारखा खाली बसतो."

ती पाठ माझ्याकडे, पण कान माझ्या दिशेने वळला.

सहा दिवस मी शिकवलं. इतक्या वर्षांत मी कधी इतकं मन लावून शिकवलं नसेल. बाईंनी पायात वहाणा घातल्या की दिवाण हनुवटी त्यांच्या पावलावर ठेवतो, बाहेर जाऊ नये म्हणून. झोपेत त्याचे पुढचे पाय धावतात. भात गरम असला की आधी मासा खातो. लहान मुलांना शेपटी ओढू देतो, मोठ्यांना नाही. मी सांगायचो आणि दुसऱ्या दिवशी ते पाठ असायचं. असा विद्यार्थी मला ना त्याआधी मिळाला, ना त्यानंतर. भीतीने अंगावर काटा होता आणि तरीही मी त्याचे मनोमन आभार मानत होतो. हे विचित्र वाटेल, पण खरं आहे.

एक गोष्ट मी बजावली होती. तोंडाचं शेवटी सांगेन, सांगून होईपर्यंत वळायचं नाही.

विसाव्या दिवशी तोंडाचं सांगायला घेतलं. पांढरे झालेले मिशांचे केस, खालचा तुटका दात, नाकावरचा जुना ओरखडा. सांगता सांगता मला दिवाणच आठवत गेला, माझा आवाज चिरकला आणि मी थांबलो. त्याला वाटलं असावं, झालं. ते वळलं.

सगळं बरोबर होतं. नाक, दात, ओरखडा. फक्त डोळ्यांचं सांगायचं राहिलं होतं. तिथे काही नव्हतं असं नाही. तिथलं अजून ठरायचं होतं.

"पिवळसर," मी भिंतीकडे पाहत ओरडलो. "पिवळसर! उजव्यात थोडा मोतीबिंदू! माणसाकडे खालून बघतो!"

मी डोळे मिटून घेतले आणि मनात शंभरपर्यंत अंक मोजले. उघडले तेव्हा दिवाण माझ्याकडे खालून बघत होता. मी तिथेच बसून ढसाढसा रडलो.

८

एकविसाव्या दिवशी भर दुपारी बाईंची गाडी आली. ऊन असं की गावातली झाडून सगळी कुत्री तलावाच्या चिखलात जिभा काढून पडलेली. दिवाण सकाळपासून दारात, उन्हात बसला होता. मी सावलीतून त्याच्याकडे पाहत होतो. गाडी वळणावर दिसली तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याचं तोंड मिटलेलं होतं. जीभ आत. बरगड्या स्थिर. शेजारचं पाण्याचं भांडं सहा दिवसांपूर्वी मी भरलं होतं, तेवढंच भरलेलं.

आता सांगायला वेळ नव्हता.

बाई उतरल्या. दिवाण उठला. टक, टक, टक, खर्रर्र. त्याने त्यांच्या पावलावर हनुवटी ठेवली.

"माह्या राजा रे!" म्हणत बाई धुळीत खाली बसल्या आणि त्याला कवटाळून रडायला लागल्या. "कसा हायेस रे? मास्तर, तुमचे उपकार कसे फेडू मी? गंज चांगलं सांभाळलं तुमीन."

बाईंचा एक हात त्याच्या पाठीवरून फिरत होता, दुसरा छातीवर आला आणि तिथे थांबला. त्यांनी पदराला लावलेलं घड्याळ सवयीने उलटं करून पाहिलं. एक मिनिट झालं. त्यांनी हात जरा डावीकडे सरकवला. आणखी एक मिनिट झालं. मग त्यांनी घड्याळ सोडून दिलं. रडणं थांबलं होतं.

गाडीवान सामान उतरवून निघून गेल्यावर त्यांनी मला विचारलं,

"कवा गेला?"

"नवव्या दिवशी. बिबट्यानं नेला. कडी लावायची राहिली, बाई. माझ्याच हातून राहिली."

"कुठी हाये?"

"पाळीमागं. मोहाखाली. मीच पुरला."

त्यांनी डोळे मिटले. मांडीजवळचं ते त्यांच्याकडे खालून बघत होतं, मी शिकवलं होतं अगदी तसं.

"आन् ह्याले कोनं शिकवलं सारं?"

"मी."

"मास्तर हाओ तुमी खरे," बाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता. "श्वास घ्याले शिकवाचं राह्यलं फक्त."

मी धावत जाऊन तांब्या भरून आणला. "वाटा बंद करतो बाई. पाणी ओतलं की जाईल ते. मला माफ करा. तुम्हाला रिकाम्या दारात यायला लागू नये, एवढ्यासाठी केलं."

"थांबा."

त्या बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या. मला त्यांचा चेहरा वाचता आला नाही. भीती होती, नाही असं नाही.

"कवापासून बसला हा उनात?"

"सकाळपासून."

"माह्यासाठी?"

"हो."

"आजवर कोनी बसलं नाई माह्यासाठी असं," त्या म्हणाल्या. "भावाच्या घरी एकवीस दिवस होती, कोनी रिक्षापर्यंत आलं नाई."

मग त्यांनी लुगडं खोचलं, पाय पसरले आणि त्याला मांडीवर आडवं घेतलं. शेकडो बाळंतपणं केलेले ते हात. दोन्ही तळवे त्याच्या बरगड्यांवर ठेवून त्या खालून वर चोळू लागल्या, सावकाश, जोर लावून.

"घे बापा. घे. आत घे. हं, सोड आता. माह्यासंगं घे. आत. सोड."

मी तांब्या धरून उभा होतो. तलावाकडून वारा नव्हता, पान हलत नव्हतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. एकदम बाईंच्या हाताखाली बरगड्या वर आल्या. आत कुठेतरी कोरडी हवा ओढल्याचा लांब आवाज झाला, घरातलं बंद कवाड उघडावं तसा. तोंड उघडलं. जीभ बाहेर आली, आधी पांढरी, मग हळूहळू गुलाबी होत गेली.

"श्वास घेते! घेते बाई!" मी ओरडलो. मला हुंदका आवरेना. ते काय होतं, कुठून आलं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. पण मी तांब्या खाली ठेवून दोन्ही हात जोडले. एक हात बाईंसाठी होता आणि एक त्याच्यासाठी, असं म्हटलं तरी चालेल.

बाईही हसत होत्या, रडत होत्या. तेवढ्यात त्यांना ठसका लागला आणि त्यांचा श्वास अडला.

मांडीवरचाही थांबला.

बाईंनी श्वास घेतला. त्यानेही घेतला. त्यांनी मुद्दाम धरून ठेवला. त्यानेही धरला आणि खालून त्यांच्याकडे बघत राहिला, पुढचं काय ते विचारत असल्यासारखा. त्यांनी सोडला. त्याने सोडला.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"चाला," बाई त्याच्या फाटक्या कानामागे खाजवत म्हणाल्या, "आता मले कुठी जाता येत नाई."

आणि त्या हसल्या. इतकं समाधानी हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी मला विचारलं, आज ह्याचा वाटा ठेवला काय?